म्हशीने खाल्लेला ताणा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गडमुडशिंगीत जोतीराम पोवार यांच्या म्हशीने केरबा शिंगे यांचा ताणा खाल्ला.

सगळा नाही. साधारण निम्मा तिने गिळला आणि उरलेला चावून, लाळेत भिजवून खुरांखाली तुडवला. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. ते साडेसहाशे होते, पंधरा हात लांब होते आणि तांदळाच्या पेजेची खळ लावून गल्लीत दोन खुंटांमध्ये वाळत घातलेले होते. म्हशीला तो पेज लावलेला कडबा वाटला. त्या दिवशी या विषयावर गावात जेवढी मते मांडली गेली, त्यांत हे सर्वांत सरळ होते.

प्रत्यक्ष पाहणाऱ्या एकट्या यल्लव्वा, केरबांच्या पत्नी. त्या दारात भांडी घासत होत्या. त्यांनी म्हशीला तांब्या फेकून मारला, तो लागला नाही. मग त्या आत गेल्या आणि आरशासमोर दाढी करत असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमचं चीवर म्हशीनं खाल्लं.”

“किती?” केरबांनी विचारले.

“ते तिला इचारा. तिचं अजून चाललंय.”

चीवर म्हणजे भिक्खूंचे वस्त्र. रविवारी, दोन नोव्हेंबरला, गावच्या विहारात चीवरदानाचा कार्यक्रम ठरलेला होता. त्यात भन्तेंना देण्याचे वस्त्र अजून कापड झालेले नव्हते, आणि आता ते निम्मे सूतही राहिले नव्हते.

केरबा शिंगे एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांपैकी एकतीस वर्षे त्यांनी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली. माग बिघडला की ज्याच्या नावाने हाका मारतात आणि माग चालू झाला की ज्याला विसरतात, त्याला जॉबर म्हणतात. त्यांनी नीट केलेल्या मागांवरचे कापड आज कुणाकुणाच्या अंगावर आहे, हे सांगता येणार नाही. त्यातला हातभर तुकडाही केरबांनी स्वतः विणलेला नाही, हे मात्र सांगता येते. ही गोष्ट त्यांना एकतीस वर्षांत एकदाही खटकली नाही. निवृत्तीनंतर चौथ्या दिवशी खटकली, कारण त्या दिवशी दुसरे काही काम नव्हते.

कोल्हापूर भागात ऊस लावणाऱ्याला शेतकरी म्हणतात, भात लावणाऱ्याला राधानगरीकडचा म्हणतात आणि कापूस लावणाऱ्याला डॉक्टरकडे नेतात. केरबांनी दीड वर्षापूर्वी परसात आणि ओढ्याच्या बांधाला देवकापसाची चाळीस झुडपे लावली. बी शेजारच्या पोवारांचे. पोवारांच्या अंगणात देवकापसाचे जुने झाड आहे आणि जोतीरामांच्या आई बाळाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, त्याच्या वाती वळतात.

“कशाला पायजे बी?” त्यांनी विचारले होते.

“कापड करणार हाय, मावशी.”

“का? दुकानं बंद झाली व्हय?”

कापूस आला. इथपर्यंतचे काम झुडपांनी केले होते, म्हणून ते वेळेवर झाले. पुढचे केरबांना करायचे होते. पाटावर बोंड ठेवून लोखंडी सळीने सरकी काढायची, धनुकलीने कापूस पिंजायचा, त्याचे बोटाएवढे पेळू वळायचे आणि त्या पेळूंतून सूत कातायचे. यातली सरकी तेवढी रोज नियमाने निघत असे आणि शेजारधर्म म्हणून पोवारांच्या म्हशीला जात असे. त्या म्हशीला केरबांच्या कापसाची चव आधीपासून ठाऊक होती, हे पुढे पुरावा म्हणून मांडले गेले.

कातण्यासाठी त्यांनी आधी पेटीचरखा मागवला. तो चालू करण्यापूर्वी त्यांनी जॉबर या नात्याने तो पूर्ण खोलला, सगळे भाग रॉकेलने धुतले, दोन जागी वॉशर घातले आणि तेल दिले. सहाव्या दिवशी चरखा इतका नीट झाला होता की त्यावर सूत निघेना. मग त्यांनी पितळी टकळी घेतली. टकळीला एक काडी आणि एक चकती असते. खोलण्यासारखे काही नसते. केरबांची प्रगती तिथून सुरू झाली. पहिल्या महिन्यात त्यांचा धागा एका ठिकाणी केसाएवढा, तर दुसऱ्या ठिकाणी करंगळीएवढा निघायचा आणि दर हाताला तुटायचा. त्या महिन्याच्या सुतावर यल्लव्वांनी दोडक्याचे वेल चढवले. वेल चांगले आले.

विणणे शिकायला ते पट्टणकोडोलीच्या पिराजी सणगरांकडे गेले. पिराजींनी साठ वर्षे घोंगडी विणली आहेत. केरबांचे सूत त्यांनी उजेडात धरून पाहिले.

“हे मेंढराचं हाय का?”

“कापसाचं हाय.”

“मग मेंढरागत का दिसतंय?”

तरीही पिराजींनी आपला जुना, कमी रुंदीचा हातमाग दिला, केरबांच्या पडवीतली फरशी काढून तिथे खड्डा खणून तो बसवून दिला आणि जाताना एकच गोष्ट दोनदा सांगितली. “खळ लावून ताणा वाळाय घातला की त्याला सोडून उठायचं न्हाय. घोंगडं असू दे न्हायतर धोतर. बसून राखण करायची. काय?” केरबा हो म्हणाले. इचलकरंजीत ताणा सायझिंगच्या कारखान्यातून खळ लागून, वाळून, बीमावर गुंडाळून टेम्पोतून येतो. त्याची राखण करावी लागते, हे त्यांनी ऐकून घेतले. त्यांना ते पटले नव्हते. चौदा तारखेला ते खळ लावून दाढी करायला उठले.

या सगळ्यात एक गोष्ट केरबांनी केली नसती, तर मामला म्हशीपाशीच मिटला असता. आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला. भन्तेंचे प्रवचन संपल्यावर केरबांनी माईक मागून घेतला. तोवर त्यांच्याकडे बऱ्या सुताच्या तीन गुंड्या, म्हणजे तीन लडी, जमल्या होत्या आणि माणसाला तेवढे पुरते. ते म्हणाले, “घरच्या कापसाचं, हातानं कातलेलं, हातानं विणलेलं बारा हात कापड मी भन्तेंच्या चीवराला देणार. त्यात एकबी यंत्राचा धागा असणार न्हाय. असला तर मला जॉबर म्हणू नका.” टाळ्या झाल्या. भन्ते म्हणाले, “मिळेल ते चीवर आम्हाला चालतं.” टाळ्यांमुळे ते कुणाला ऐकू आले नाही. ज्यांना आले, त्यांनी तो विनय समजला.

तर चौदा तारीख.

नऊपर्यंत मोबाईलवर पहिले स्टेटस आले: ‘चीवरावर म्हैस घातली.’ साडेदहाला त्यात ‘मुद्दाम’ हा शब्द आला. दुपारी बारा वाजता पोवारांच्या गल्लीतून उलट बातमी आली की सुताला विष लावलेले होते आणि म्हैस मरायला टेकली आहे. म्हैस त्या वेळी बसून रवंथ करत होती. शिंगे आणि पोवार ही दोन घरे एका भिंतीच्या अंतरावर आहेत, पण दोन वेगळ्या समाजांची आहेत. एवढे भांडवल गावाला एका दिवसासाठी पुरेसे असते.

पशुवैद्य दीड वाजता आले. त्यांनी म्हशीच्या पोटाला कान लावला. “रंग दिला होता का सुताला?”

“अजून न्हवता,” केरबा म्हणाले.

“मग काळजी नाही. म्हैस कडबा खाते, सरकी खाते, हेही पचवेल. शेणात दोरा दिसला तर ओढू नका.”

संध्याकाळी दूध संस्थेत जोतीरामांच्या दुधाला फॅट दोन पॉइंट जास्त लागले. जोतीराम हे कुणाला बोलले नाहीत. संस्थेच्या सेक्रेटरीने सगळ्यांना सांगितले.

धैर्यशील हे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. वय चौतीस. आठ महिने समितीकडे तंटाच आलेला नव्हता आणि अध्यक्षपद असेच वाया जाते की काय, अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी बुधवारी सकाळी दहाला ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक लावली. बैठकीला वादी आणि प्रतिवादी एकाच मोटरसायकलवरून आले, हे त्यांना आवडले नाही.

“दोन्ही समाजांनी संयम राखावा,” धैर्यशील म्हणाले.

“राखलाय की,” जोतीराम म्हणाले. “म्हैस माझी हाय. दावं तुटलं. चूक माझी.”

“माझी पन हाय,” केरबा म्हणाले. “मी दाढीला उठलो.”

पाच मिनिटांत तंटा संपत आलेला पाहून धैर्यशीलांनी भरपाईचा विषय काढला. त्यांच्या ओळखीने इचलकरंजीहून उद्याच्या उद्या बारा हात कापड आणता येईल, पांढरेशुभ्र, एक गाठ नाही.

“इचलकरंजीचं कापड मला मिळत न्हवतं,” केरबा म्हणाले, “म्हणून मी दीड वरीस झुडपं लावत बसलोय काय?”

एक सदस्य म्हणाले, सरकीची सवय शिंग्यांनीच लावली होती, तेव्हा म्हशीचा दोष निम्माच धरावा. दुसरे म्हणाले, खाल्लेल्या सुताच्या वजनाएवढा कापूस द्यावा. तिसरे म्हणाले, म्हशीचे एका वेळचे दूध विहाराला द्यावे. तेव्हा दाराजवळ पायरीवर बसलेल्या बाळाबाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलेले नव्हते.

“सूत खाल्लंय तर सूत देऊ. किती, केरबा?”

“तुडवलेलं धरून साडेचार गुंड्या, मावशी.”

“माझ्या भाषेत सांग.”

“एक गुंडी म्हंजे हजार मीटर. सगळी मिळून हितनं विमानतळाच्या गेटापतोर एक धागा.”

“मग जाऊ की चालत,” बाळाबाई म्हणाल्या. “माझ्या म्हशीनं खाल्लं, मी भरून देणार. वात वळाय येतीया, सूत काय येणार न्हाय?”

समितीच्या वहीत तसे लिहिले गेले: म्हैसमालकाच्या घरच्यांनी स्वहस्ते कातलेले साडेचार गुंड्या सूत रविवार, २६ ऑक्टोबरपर्यंत द्यावे. त्याच दिवशी धैर्यशीलांनी फ्लेक्स छापायला टाकला. शुक्रवारी तो चौकात लागला. ‘सलोख्याचे सूत! बारा हात, एकही यंत्राचा धागा नाही!’ त्यावर धैर्यशीलांचा फोटो चार फूट, केरबांचा एक फूट, बाळाबाईंचा नव्हताच. म्हशीचा तर घेतलाच नव्हता.

अशा रीतीने पोवारांचे घर कातायला लागले. कापूस बाळाबाईंच्या वातींच्या साठ्यातला, दोन उशांच्या अभ्र्यांत भरलेला. शिकवायला केरबा. शिकणारे तिघे: बाळाबाई, जोतीराम आणि त्यांची बायको वर्षाराणी.

“पेळू चिमटीत धरायचा,” केरबा सांगत. “वढायचा न्हाय. सुटू द्यायचा.”

“धार काढल्यागत?” जोतीरामांनी विचारले.

“तसंच. फकस्त पिळू नगंस.”

जोतीराम पिळत. त्यांच्या हाताला दोन म्हशींची तीस वर्षांची सवय होती. त्यांचे पहिले दोन दिवसांचे सूत वैरणीच्या पेंढ्या बांधायला चांगले होते आणि त्यालाच लागले. वर्षाराणी टकळी फिरवत मोबाईलवर मालिका बघत. त्यांचा धागा जाहिराती लागल्या की जाड निघे, मालिका लागली की बारीक. बाळाबाईंचे सूत सगळ्यांत सारखे होते आणि सगळ्यांत जाड. बोटाला राख लावून त्या सवयीने पेळू तळव्यावर घासायच्या.

“मावशी, ही वात झाली,” केरबा म्हणाले.

“मग? वाईट काय झालं?”

“भन्तेंना नेसवायची हाय, लावायची न्हाय.”

बाळाबाईंनी टकळी खाली ठेवली, राख पुसली, दुसरा पेळू घेतला. चौथ्या दिवशी त्यांच्या चिमटीतून असा धागा सुटायला लागला की केरबा शिकवायचे थांबले आणि नुसते बघत बसले. त्यांना स्वतःला तिथे पोचायला पाच महिने लागले होते. घरी जाऊन त्यांनी हे यल्लव्वांना सांगितले.

“मग तुमचं तुमीच इणा आनि तिचं तिलाच कातू द्या,” यल्लव्वा म्हणाल्या. “दोडक्याला दोरी कमी पडतीया.”

दिवाळी मध्येच आली. पोवारांच्या घरी पहिल्यांदा दुकानातल्या तयार वाती आणल्या गेल्या, पाकिटात शंभर. बाळाबाईंनी त्या हातात घेऊन पाहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “ह्याला पीळच न्हाय.” हे कातणे पाहायला लोक येत. दिवाळीला माहेरी आलेल्या पोरी येत, त्यांचे नवरे येत, “काय पावणं, कातून बघता का?” असे जोतीराम त्यांना विचारत, आणि ते दोन हात सूत तोडून चहा पिऊन जात. धैर्यशीलही आले. टकळी हातात घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला. फोटोत टकळी उलटी आहे.

पाडव्याच्या दिवशी बाळाबाईंचा उजवा अंगठा सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस हात न हलवण्यास सांगितले. तोवर साडेतीन गुंड्या झाल्या होत्या, त्यांतल्या अडीच एकट्या बाळाबाईंच्या. राहिलेल्या एका गुंडीचे काय, असे त्यांनी विचारले. जोतीराम म्हणाले, “मी आनि वर्षा कातू की. तू गप पडून राहा.”

“तुझं सूत?”

“आता येतंय मला.”

रविवारी, सव्वीस तारखेला, अकरा वाजता साडेचार गुंड्या ताटात ठेवून समितीसमोर दिल्या गेल्या. फोटो झाले. दोन नोव्हेंबरला चीवरदानाच्या वेळी बाळाबाईंचा सत्कार करण्याचे समितीने जाहीर केले. बाळाबाईंनी केरबांना बाजूला घेतले आणि वरची गुंडी पट्टीच्या हाताने दाखवली. “ही पोरानं कातलीया. ही शेवटाला लाव. मी बसून बघणार हाय. माझं बोलणं पुरं झालेलं मला डोळ्यानं बघायचंय.”

“लावतो, मावशी.”

सोमवारी ताणा झाला. केरबांनी आडव्या धाग्यांसाठी राखलेल्या जुन्या तीन गुंड्या आणि पोवारांची दीड; पोवारांच्या उरलेल्या तीन आता आडव्या धाग्यांना. या वेळी केरबा खळ वाळेपर्यंत खुर्ची टाकून साडेतीन तास गल्लीत बसले. दाढी केली नव्हती. पलीकडे म्हैस दोन दाव्यांनी बांधलेली होती आणि इकडेच बघत होती.

मंगळवारपासून विणणे. आडवा धागा नेणारा धोटा हाताने टाकायचा, फणी हाताने मारायची, धागा तुटला की थांबायचे आणि गाठ मारायची. पहिल्या दिवशी एक हात झाला आणि एकशे चौदा गाठी. केरबा गाठी मोजत होते, कारण इचलकरंजीत इतक्या गाठींना मालकाने त्यांना माग विकायला सांगितला असता. बुधवारी चार हात झाले. गुरुवार संध्याकाळपर्यंत आठ. कापड जाडसर होते, काठ सरळ नव्हता, मध्ये एका ठिकाणी वर्षाराणींची जाहिरात दिसत होती. पण ते कापड होते. गुरुवारी केरबा त्यावर तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिले. यल्लव्वांनी चहा आणला, तो तिथेच गार झाला. त्यांनी तो परत तापवून आणला.

शनिवारी पहाटे रंगाचे पातेले ठेवायचे आणि दिवसभरात शिवायचे, म्हणून शुक्रवारी बारा हात पुरे होणे भाग होते. शुक्रवारी, एकतीस तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दहा हात झाले. केरबांनी शेवटची गुंडी सोडली आणि धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत भरायला घेतले. चार फेरे झाले आणि त्यांचे बोट थांबले.

धागा सारखा होता. जाड नाही, बारीक नाही, कुठे गाठ नाही. केरबांनी तो जिभेला लावला. मग नाकाशी धरला. एकतीस वर्षे याच धाग्याने त्यांच्या बोटांना चिरा पाडल्या होत्या. त्याचा नंबर सांगायला त्यांना चष्मा लागत नाही. वीस नंबर, गिरणीच्या कोनवरचा. त्याला चहाचा वास होता.

ते गोठ्यात गेले. जोतीराम वैरण टाकत होते.

“चहा किती घातलास?” केरबांनी विचारले.

“कशात?”

“सुतात.”

जोतीरामांनी पेंढी खाली ठेवली. घराच्या दाराकडे बघितले. “दोन चमचे,” ते म्हणाले. “लई पांढरं दिसत हुतं.”

“कुठनं आणलंस?”

“तुमच्याच शेठच्या गोडावनातनं. म्हटलं, निदान वळखीचं तरी असावं.” हे बोलून ते हसणार होते, पण हसले नाहीत. “काततच हुतो की, जॉबर. तीन दिवसांत शंभर मीटर झालं. वर्षा दिवाळीच्या पावण्यांत अडकलेली. आईचा अंगठा बघितलासा न्हवं? मी न्हाय म्हणलो असतो तर पट्टी सोडून बसली असती.”

“तिला ठावं हाय?”

“न्हाय. वर्षाला बी न्हाय. तिला वाटतंय आईनं आधीच कातून ठेवलेलं हुतं.”

“आनि मी बोललोय त्याचं काय?”

“तुमी माईकवर बोलला. आई नुसतं तोंडानं बोलली.” जोतीरामांनी पुन्हा पेंढी उचलली. “मला काय सुचंना झालं. तुमाला काय सुचतंय का बघा.”

केरबा परत आले. कापूस शोधला. पोवारांचे दोन्ही अभ्रे रिकामे होते. त्यांच्या स्वतःच्या पाटीत दोन पेळू शिल्लक होते. झुडपांना फुले होती. बोंडे उमलायला अजून दोन महिने होते. दोन पेळू त्यांनी टकळीवर कातले आणि एका कांडीवर भरले. तेवढ्यात धोटा फार तर दहा मिनिटे चालतो. दुसरी कांडी चहाच्या सुताने गच्च भरली. भरून दोन्ही कांड्या खिडकीत शेजारी ठेवल्या. हे करताना त्यांनी यल्लव्वांना सगळे सांगितले.

“दहा हातांचंच द्या,” यल्लव्वा म्हणाल्या. “भन्ते काय पट्टी घेऊन मोजणार हाईत?”

“बॅनरवर बारा हाय.”

“बॅनर नेसणार हाईत काय ते?”

“आनि मावशी? तिची गुंडी कुठं गेली म्हणून सांगू?”

  रंगात घातल्यावर दोन्ही सुते सारखीच दिसतील, असे यल्लव्वा म्हणाल्या. केरबांनी मान हलवली. हे त्यांना एकतीस वर्षांपासून ठाऊक होते.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी बाळाबाई काठी टेकत आल्या. पट्टीचा हात पदरात होता. मागाच्या खड्ड्याशेजारी पोते अंथरून बसल्या. कापडावरून त्यांनी डावा हात फिरवला, वर्षाराणींची जाहिरात त्यांना बरोबर सापडली.

“माझी गुंडी लागली का?”

“न्हाय अजून, मावशी.”

“मग आता लाव की. कशाची वाट बघतोयस?”

“अंगठा कसा हाय?”

“अंगठ्याचं मला इचारू नगं. त्यो माझा मी बघतो. तू हात चालव.”

केरबा खड्ड्यात पाय सोडून बसले. पावणेसहा झाले होते. यल्लव्वा चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. पडवीत उजेड कमी होता आणि बाळाबाईंना मोतीबिंदू आहे. पाच वाजून बावन्न मिनिटांनी केरबांनी खिडकीतली एक कांडी उचलून धोट्यात घातली. कुठली, ते दोघींपैकी कुणीही पाहिले नाही.

माग सुरू झाल्याचा आवाज गल्लीत ऐकू आला. दोन पेळूंची कांडी असती, तर तो सहा वाजून दोन मिनिटांच्या आत थांबणार होता. गोठ्याच्या दारात जोतीराम उभे होते. त्यांनी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. आवाज पाच मिनिटे चालू होता. सात मिनिटे चालू होता. सहा वाजून एका मिनिटाने संध्याकाळचे विमान घरांवरून खाली उतरत विमानतळाकडे गेले, आणि तेवढा वेळ गल्लीत दुसरे काहीच ऐकू आले नाही.